शिकाऊ हातांचे ऋण

धनत्रयोदशी म्हटली की आपल्याला धन आठवते. हा दिवस धन्वंतरीचाही आहे, हे मात्र आपल्या ध्यानातून पुष्कळदा निसटते. वैद्यमंडळी त्या दिवशी धन्वंतरीचे पूजन करतात आणि कडुनिंबाची पाने साखरेबरोबर प्रसाद म्हणून वाटतात. त्याच संध्याकाळी घरची बाई कणकेचा दिवा करते आणि त्याची वात दक्षिणेकडे करून तो घराबाहेर ठेवते. तो यमासाठी. वर्षातील सर्वांत आनंदाच्या सणाची पहिली संध्याकाळ आपल्या पूर्वजांनी वैद्य आणि मृत्यू या दोघांच्या नावे लावून ठेवली आहे. तेव्हा दिवाळीच्या अंकात, चकली-अनारशांच्या ताटाशेजारी, मी आजाराचा आणि औषधाचा विषय काढतो आहे म्हणून वाचकांनी रागावू नये. या घडीला ज्या घरांत हा अंक उघडला जात असेल त्यांतील कित्येक घरांत एखादा मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होण्यासाठी रात्रीचा दिवस करीत असेल. विषय त्यांचाच आहे.

वैद्यकीच्या विद्यार्थ्याला नुसत्या इस्पितळात शिकवून भागत नाही. त्याला खेड्यात, वस्तीत, घराघरांत नेले पाहिजे, लोकांची सेवा करता करता त्याने लोकांचे आरोग्य शिकले पाहिजे, ही कल्पना आता सर्वमान्य झाली आहे. परिचारिका, दंतवैद्य, आयुर्वेदाचे विद्यार्थी, सर्वांच्याच अभ्यासक्रमात ती या ना त्या रूपाने आली. सर्वमान्य झालेल्या गोष्टीची एक अडचण असते. तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारीत नाही. मला दोन प्रश्न पडतात. सेवा ही शिकवता येण्याजोगी गोष्ट आहे काय? आणि जिच्यावर हे शिक्षण घेतले जाते त्या गरीब वस्तीचे देणे कोणी आणि कसे फेडायचे?

मी डॉक्टर नाही. ज्या परीक्षेला जुनी माणसे अजून मॅट्रिक म्हणतात तिच्यापुढे माझे शिक्षण गेले नाही. एका लहानशा शाळेत मी मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु या दोन्ही धंद्यांनी मला या प्रश्नाच्या जवळ आणून बसवले आहे. नवा मास्तर ज्या वर्गावर शिकवायला शिकतो, त्या वर्गाला ते वर्ष पुन्हा मिळत नाही. कादंबरीकार ज्यांच्या दुःखावर लिहायला शिकतो, त्यांच्या हाती बहुधा पुस्तकाची प्रतही पडत नाही. दुसऱ्याच्या आयुष्यावर हात चालवून आपला हात सुधारायचा, ही गोष्ट एकट्या डॉक्टरची नाही. मात्र डॉक्टरच्या बाबतीत ती सर्वांत उघडी दिसते.

माझे गाव कोराडी. नागपूरच्या उत्तरेस, सावनेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. जगदंबेचे देऊळ आणि विजेचे केंद्र या दोन गोष्टींसाठी लोकांना ते ठाऊक असते. नवरात्रात देवळात हजारो अखंड ज्योती तेवतात. विजेच्या केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. पुढे २०१५ ते २०१७ या काळात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आले. नागपूर जवळच असल्यामुळे आणि नागपुरात वैद्यकाची महाविद्यालये बरीच असल्यामुळे, आमच्या भागातील वस्त्यांत पांढऱ्या कोटातील मुलामुलींचे घोळके अधूनमधून दिसतात. हातात छापील कागद, गळ्यात ओळखपत्र. घरात माणसे किती, पाणी कोठून आणता, शौचालय आहे का, खोकला आहे का, साखर आहे का, असे ते विचारीत जातात. मुले गोड स्वभावाची असतात. पंख्याखाली वाढलेली असतात, उन्हाने लालबुंद होतात, तरी तक्रार करीत नाहीत.

अशाच एका घोळक्यातील मुलीला आमच्या ओळीतील एका म्हातारबाईंनी विचारले, “पोरी, मांगच्या सालीबी तुमच्यासारख्या पोरी आल्त्या. त्यायनंबी असंच समदं लिहून नेलं. मंग त्या कागदाचं काय झालं वं, माय?”

मुलगी प्रामाणिक होती. ती म्हणाली, “आजी, ते आम्ही कॉलेजात जमा करतो.”

“अस्सं! मंग माह्यं गुडघ्याचं दुखणंबी तिथंच जमा झालं असन.”

सगळे हसले, म्हातारबाईही हसल्या, आणि त्यांनी मुलीला पाणी दिले. पण हा विनोद नव्हता. तो हिशेब होता. सरकारी इस्पितळात गरीब रोगी विद्यार्थ्यांपुढे आपले अंग उघडे करतो, तेव्हा तेथे एक न बोललेला करार असतो. तुम्ही माझ्यावर शिका, मला बरे करा. हा करार फार उदात्त नाही, कारण पैसेवाल्याला त्याची गरज पडत नाही. तरी त्यात देवाणघेवाण आहे. वस्तीत गेल्यावर मात्र हा करार पातळ होतो. घर उत्तरे देते, वेळ देते, आपल्या अडचणीची लाज बाजूला ठेवते. विद्यार्थ्याला गुण मिळतात. घराला काय मिळते? ज्याला आपण सेवा म्हणतो तिच्यात येथे सेवा करणारे कोण आणि घेणारे कोण, हे निरखून पाहिले तर पारडे उलटे दिसेल. सेवा म्हातारबाईंनी केली. विद्यार्थिनीने ती घेतली.

ही कल्पना मुळात किती निर्मळ हेतूने निघाली हे आठवले म्हणजे या उलट्या पारड्याचे अधिकच वाईट वाटते. स्वातंत्र्यापूर्वी, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याविषयी आपला अहवाल दिला. नवा डॉक्टर हा समाजाचा डॉक्टर असावा, त्याने रोगाबरोबर रोगाची कारणे पाहावीत, आणि त्यासाठी त्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे शिक्षण असावे, असे त्या समितीने सुचवले. पुढे १९७७ साली वैद्यकीय शिक्षणाला खेड्याकडे वळवण्याची योजना निघाली आणि महाविद्यालयांना प्राथमिक आरोग्य केंद्रांशी जोडण्याचे ठरले. अगदी अलीकडे, २०२२ पासून, वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातील काही कुटुंबे पहिल्या वर्षापासून दत्तक घ्यावीत, असा राष्ट्रीय आयोगाचा दंडक झाला. दत्तक हा शब्द मला जरा खटकतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने चार मुलांच्या आईला दत्तक घ्यायचे! वास्तविक दत्तक कोण कोणाला घेते? पण शब्दाचे राहू द्या.

या साऱ्या प्रयत्नांत आमच्या विदर्भाने एक गोष्ट आधीच करून पाहिली होती. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. त्या गांधीजींच्या सहवासात वाढलेल्या, १९६२ ते १९६७ या काळात देशाच्या आरोग्यमंत्री राहिलेल्या. मनात आणले असते तर दिल्लीतही महाविद्यालय काढू शकल्या असत्या. त्यांनी खेडे निवडले. तेथील रीत अशी की नवे विद्यार्थी आधी काही दिवस आश्रमात राहतात, सूत काततात, झाडलोट करतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव घेते आणि सुमारे पंधरा दिवस त्या गावातच मुक्काम करते. प्रत्येकाच्या वाट्याला काही घरे येतात. मुक्काम संपला तरी घरे सुटत नाहीत. पुढची काही वर्षे ठरलेल्या दिवशी त्याच घरी जायचे असते. माझ्या मते या रीतीचे सारे मर्म शेवटच्या वाक्यात आहे. सूत कातल्याने कोणी डॉक्टर होत नाही; पण त्याच उंबऱ्यावर दहाव्यांदा उभे राहिल्याने होऊ शकतो.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. सेवा शिकवता येते काय? एक पक्ष म्हणतो, सेवा ही आतून यावी लागते. सक्तीची सेवा म्हणजे वेठबिगार. या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या राज्यात सरकारी महाविद्यालयातून डॉक्टर झालेल्यांसाठी सेवेचा करार असतो, आणि दंड भरून त्यातून मोकळे होण्याची वाट पुष्कळांनी पुष्कळ वर्षे धरली, हे सर्वश्रुत आहे. ज्या सेवेची किंमत रुपयांत ठरते, ती चुकवण्याची सोयही रुपयांतच होते.

तरीही मला हा पक्ष पुरता पटत नाही. शाळामास्तराचा अनुभव निराळा आहे. लहान मूल आजीच्या पाया पडते ते आदर वाटला म्हणून नव्हे. आईने मान खाली वाकवली म्हणून. आदर मागाहून येतो, आणि कधी कधी येतही नाही. पण मान कधी वाकलीच नसती तर त्याला यायला वाटच राहिली नसती. आपल्या सणांचेही असेच नाही काय? पहाटे उठायचा कंटाळा आलेल्या मुलाला ओढून अभ्यंगस्नान घालतात. चाळीस वर्षांनी त्याच उटण्याच्या वासाने त्याचे डोळे भरून येतात. पुष्कळ चांगल्या भावना कृतीच्या मागून चालत येतात. तेव्हा विद्यार्थ्याला वस्तीत जायला भाग पाडणे यात मला अन्याय दिसत नाही. सक्ती पायांवर करता येते. मनावर करू गेले की मात्र ढोंग जन्माला येते.

याचे एक उदाहरण सांगतो. माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी आता डॉक्टरकी शिकते. सुट्टीत भेटायला आली तेव्हा तिने तिच्या वाट्याला आलेल्या एका घराची हकीकत सांगितली. घरातील बाईला रक्तदाबाचा विकार. पहिल्या खेपेला बाई धड बोलेना. दुसऱ्या खेपेला ही मुलगी कागद बाजूला ठेवून तिच्यासोबत अंबाडीची भाजी निवडत बसली. तिसऱ्या खेपेला उलगडा झाला. डॉक्टरने रोज एक गोळी लिहून दिली होती. बाई एक दिवसाआड एक घेत होती. गोळ्या फुकट मिळत होत्या, पण त्या आणायला जायचे म्हणजे एका दिवसाची रोजी बुडायची आणि वर ऑटोचे भाडे. एक दिवसाआड घेतली की एका खेपेचे औषध दोन खेपांना पुरायचे. बाईचा हिशेब चोख होता.

“सर,” ती म्हणाली, “माझ्या फॉर्मात प्रश्न होता, औषध नियमित घेता का? आणि पहिल्या दिवशी त्या मावशींनी उत्तर दिलं होतं, हो, नियमित घेते. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. नियमितच घेत होत्या, एक दिवसाआड.”

मग या मुलीने काय केले? तिने आपल्या शिक्षकांना सांगितले आणि गावातील आशाताईंची गाठ घेतली. गोळ्या एकदम जास्त दिवसांच्या मिळाव्यात आणि त्या आशाताईंनीच आणून द्याव्यात, अशी व्यवस्था झाली. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ही गोष्ट अगदी किरकोळ आहे. त्या बाईच्या दृष्टीने मात्र अर्धांगवायूचा झटका येणे आणि न येणे यांतील ते अंतर असू शकते.

मी तिला विचारले, “याचे गुण मिळाले का?” ती म्हणाली, “नाही. त्याला फॉर्मात रकानाच नव्हता.”

येथे शिक्षणशास्त्रातील एक मोठी गोम आहे. कोणी म्हणेल, मग रकाना ठेवा. ठेवा आणि पाहा! पुढच्या वर्षी सगळ्या मुलांच्या सगळ्या घरांतील सगळ्या बाया एक दिवसाआड गोळ्या घेऊ लागतील. ज्याला गुण मिळतात त्याची नक्कल होते, हे प्रत्येक मास्तराला ठाऊक आहे. दयाबुद्धीला दहापैकी आठ गुण देता येत नाहीत. दिले तर दयाबुद्धीचे नाटक शिकवले जाते. मोजायचेच असेल तर साध्या, उघड्या गोष्टी मोजाव्यात. किती वेळा गेला? त्याच घरी गेला का? मागच्या खेपेला जे करतो म्हणाला होता, ते केले का? रक्त तपासायला नेले असेल तर निकाल घरी पोचवला का? यांची उत्तरे हो किंवा नाही अशी असतात. त्यांत नाटकाला जागा थोडी.

आणि जे मोजता येत नाही ते कसे शिकवायचे? याला एकच उपाय मला ठाऊक आहे, आणि तो फार जुना आहे. शिकवणाऱ्याने स्वतः तेथे असायचे. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत. दिवसभर गाव झाडून काढत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. ज्या माणसाने आपल्या दारापुढची घाण काढली त्याचे बोलणे ऐकताना लोकांना उपदेश टोचत नसे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा डॉ. यशवंत फुल्यांचा दवाखाना रोग्यांसाठी उघडला होता; पण रोगी मूल पाठीवर घेऊन तेथपर्यंत पोचवणारी त्यांची आई होती, सावित्रीबाई. त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. औषधाचे ज्ञान मुलाकडे होते. त्या शाळामास्तरीण होत्या. पुस्तकातला कोणता धडा याहून स्पष्ट असेल? उलट, प्राध्यापक गाडीच्या सावलीत बसले आणि मुलांना उन्हात पाठवले, तर मुले त्या दिवशी जे शिकतात ते आयुष्यभर विसरत नाहीत. ती एवढेच शिकतात की मोठे झाले म्हणजे सावलीत बसायला मिळते.

आता दुसरा आणि अधिक जड प्रश्न: देणे. गरिबाच्या अडचणीवर शिकणे हे मुळातच अन्याय्य आहे काय? मला तसे वाटत नाही. रोग जेथे आहे तेथेच रोगाचे ज्ञान मिळणार. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा डॉ. जॉन स्नो दारोदार फिरले आणि मेलेली माणसे कोणत्या पंपाचे पाणी पीत होती ते विचारीत गेले. ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचा दांडा काढला गेला तो त्या विचारपुशीमुळे. आजही वैद्यकाच्या मुलांना ही गोष्ट शिकवतात. पण तिचा उत्तरार्ध थोड्यांनाच ठाऊक असतो. त्या भागातील हेन्री व्हाइटहेड नावाच्या एका तरुण धर्मोपदेशकाला स्नोंचे म्हणणे आरंभी पटले नव्हते. ते खोडून काढावे म्हणून तो स्वतः घरोघर गेला. लोक त्याचे ओळखीचे होते. ज्या गोष्टी परक्या डॉक्टरला कळल्या नसत्या त्या त्याला कळल्या. आणि अखेरीस स्नोंचे म्हणणे खरे असल्याचा भक्कम पुरावा त्याच्याच हाती लागला. साथीचा आरंभ ज्या तान्ह्या मुलीच्या आजाराने झाला ते घरही त्यानेच शोधले. म्हणजे वैद्यकाचा हा जगप्रसिद्ध शोध निम्मा डॉक्टरचा आहे आणि निम्मा त्या वस्तीला ओळखणाऱ्या माणसाचा. वस्ती ही पाटी नव्हे, की जिच्यावर शिकणाऱ्याने गिरवावे आणि पुसून टाकावे. तिला स्वतःला काही ठाऊक असते.

ही गोष्ट महाराष्ट्रात ज्यांनी मनापासून मानली त्यांनी काय करून दाखवले ते पाहा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली दुष्काळी जामखेडमध्ये काम सुरू केले. गावातल्या, बहुतेक निरक्षर असलेल्या बायांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. पुढे निरनिराळ्या देशांतून डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, तेव्हा त्यांना शिकवायला याच बाया उभ्या राहिल्या. नागपूरला शिकलेले डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीला गेले. तेथे सिकलसेलचा आजार आढळतो हे त्यांनी शोधले. शोध शास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. पण लोकांना त्याचे फारसे काही वाटले नाही, कारण तो लोकांनी विचारलेला प्रश्न नव्हता. यातून लोकांवर संशोधन करणे आणि लोकांसाठी, लोकांच्या सोबतीने करणे यांतला फरक कळला, असे डॉ. बंगांनी पुढे सांगितले आहे. राणीताईंनी दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी केली, तिचा निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया १०० मागे ८ च होत्या. दवाखान्यात बसून वाट पाहणाऱ्या डॉक्टरला हे कळले नसते. कारण त्या बाया दवाखान्यात येतच नव्हत्या.

आणि नंतरची गोष्ट तर आपल्या विषयाच्या गाभ्यालाच भिडते. बंगांनी गावातल्या थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, बाळाचा श्वास मोजायला, जंतुदोष ओळखायला आणि वेळ पडल्यास इंजेक्शन द्यायलाही शिकवले. पुष्कळ जाणत्यांच्या भुवया चढल्या. अर्धशिक्षित हातांत सुई? ३९ गावांत हा प्रयोग झाला. ज्या गावांत तो नव्हता त्यांच्याशी तुलना केली, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात बाळांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलेले दिसले. १९९९ साली हे प्रसिद्ध झाले. पुढे आशाताईंनी घरी जाऊन बाळ पाहण्याची पद्धत देशभर स्वीकारली गेली, तिच्या मुळाशी हे काम आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो टाळू नये. श्रीमंताला प्राध्यापक आणि गरिबाला शिकाऊ हात, ही कुठली समता? आक्षेप खरा आहे. परंतु शिकाऊ हात वाईट नसतात. एकटे सोडलेले शिकाऊ हात वाईट असतात. गडचिरोलीच्या बायांच्या पाठीशी कसून घेतलेले शिक्षण होते, वरचेवर होणारी तपासणी होती, आणि निकालाचा चोख हिशेब होता. ज्याला जेवढे येते तेवढेच त्याने करायचे आणि त्याच्या मागे जाणता माणूस उभा असायचा, एवढे पाळले तर शिकाऊ हाताची भीती उरत नाही. दुसऱ्या बाजूने, सेवाभाव आहे म्हणून कौशल्य कमी चालेल, असेही कोणी समजू नये. झाडू उत्तम मारणारा पण नाडी न कळणारा डॉक्टर आम्हाला नको. तुसडा असला तरी हातगुण असलेला डॉक्टर परवडला, असे आमच्याकडे लोक म्हणतात ते उगीच नाही. फक्त, एक दिवसाआड घेतलेली गोळी ज्याला कधी दिसली नाही, त्याचे कौशल्यही अर्धेच आहे, एवढे माझे म्हणणे.

मग देणे फेडायचे कसे? आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण अशी तीन ऋणे सांगितली आहेत. ज्याच्याकडून विद्या घेतली त्याचे ते ऋषिऋण. वस्तीकडून विद्या घेतली असेल तर वस्ती ही गुरुस्थानी झाली. आणि गुरुगृही काही नियम असतात. पहिला, गुरूला नाही म्हणण्याचा अधिकार असतो. घराने दार लावून घेतले तर विद्यार्थ्याने रुसू नये आणि त्याचे गुणही जाऊ नयेत. दुसरा, घेतलेले परत सांगायचे असते. सगळ्या वस्तीतून गोळा केलेल्या माहितीत काय निघाले, हे त्या वस्तीला तिच्या भाषेत, देवळाच्या ओट्यावर बसून, सांगितलेच पाहिजे. मग ते कडू असो की गोड. तिसरा, एकाच माणसावर रोज उठून शिकू नये. त्याच चार सोयीच्या, रस्त्याजवळच्या वस्त्यांत दरवर्षी नवे घोळके नेले की तिथली माणसे थकतात. आणि चौथा, परत यायचे असते.

हे देणे एकट्या विद्यार्थ्याचे आहे असेही मी म्हणत नाही. आमच्याच भागाचे पाहा. कोळसा येथे जळतो, राख येथे उरते, वीज तारांवरून लांब जाते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत शिरले, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले. या भागातील खोकल्याचा रोगी विद्यार्थ्यापुढे बसला म्हणजे त्याच्या छातीत राख, चूल, विडी, धूळ यांपैकी काय आणि किती आहे, हे त्याला सहज सांगता येणार नाही. आणि घाईने सांगूही नये. पण हा खोकला फक्त छातीत नाही, एवढे त्याला कळले तरी तो भोर समितीच्या मनातला डॉक्टर होण्याच्या वाटेला लागला. त्या रोग्याचे चित्र ज्या यंत्रावर काढायचे ते यंत्र विजेवर चालते. ज्या माळा आपण या आठवड्यात गॅलरीत सोडल्या त्याही विजेवरच लुकलुकतात. कुठल्या ना कुठल्या गावाने आपल्या उजेडासाठी काही तरी सोसलेले असते. हे ऋण सणाच्या आनंदात विरजण घालण्यासाठी सांगत नाही. दिवा लावताना तेल कोठले, हे ठाऊक असले तर उजेड कमी पडत नाही.

तेव्हा माझे उत्तर असे. सेवा शिकवता येत नाही. पण ती शिकता येईल अशा ठिकाणी माणसाला नेता येते, तेथे पुरेसा काळ ठेवता येते, आणि आपण स्वतः तेथे राहून दाखवता येते. बाकीचे त्याचे त्याने करायचे. गरिबावर शिकणे हे पाप नाही. शिकून निघून जाणे हे आहे.

घरांनीही यात थोडे करण्याजोगे आहे. मुलाला वैद्यकाला जागा मिळाली की आपण पेढे वाटतो, आणि तिसऱ्या पेढ्याला कोणी तरी विचारतो, खर्च किती आला आणि तो निघायला किती वर्षे लागतील. खर्च खरा असतो, चिंता खरी असते; आईबापांनी जमीन विकलेली असते, त्यांना मी शहाणपण शिकवणार नाही. पण या दिवाळीत तो मुलगा किंवा ती मुलगी सुट्टीवर घरी आली असेल, तर फराळाला बसल्यावर आणखी एक प्रश्न विचारून पाहावा. “बाळा, तुझ्या वाट्याला जी घरे आली आहेत त्यांतली माणसे कशी आहेत? त्यांची नावे काय?” नावे पटकन सांगता आली, आणि त्यापाठोपाठ कोणाच्या गुडघ्याचे, कोणाच्या लेकीच्या लग्नाचे, कोणाच्या गाभण म्हशीचे असे काही त्याच्या तोंडून आले, तर समजावे, शिक्षण ठीक चालले आहे. नावे आठवली नाहीत, तर रागवू नये. डब्यात चार करंज्या बांधून द्याव्यात आणि सांगावे, कॉलेजात परत जाशील तेव्हा आधी त्यांच्याकडे जाऊन ये.